स्यूडोप्लेक्टानिया नायग्रेला

स्यूडोप्लेक्टानिया नायग्रेला ही सूचिपर्णी वृक्षांखाली उगवणाऱ्या, वाटीच्या आकाराच्या काळ्या कवकाची एक जाती आहे. तिचा समावेश धानीकवकांच्या सार्कोसोमॅटेसी कुलात होतो. लॅटिनमधील ‘काळा’ या अर्थाच्या शब्दावरून तिचे जातिनाम आले आहे. ख्रिस्तियान हेन्ड्रिक पर्सून यांनी १८०१ मध्ये तिचे वर्णन पेझायझा नायग्रेला या नावाने केले. १८७० मध्ये लिओपोल्ड फुकेल यांनी तिला स्यूडोप्लेक्टानिया या नव्या प्रजातीत घातले.

वर्णन

फलकाय साधारणतः १ ते ३ सेंमी. व्यासाचा असतो. कोवळेपणी तो गोलसर असून पुढे वाटीसारखा उघडतो व जून झाल्यावर बशीसारखा पसरतो. आतील पृष्ठभाग काळा व गुळगुळीत, तर बाहेरील बाजू सूक्ष्म केसांमुळे मखमली दिसते. देठ नसतो किंवा अगदी आखूड असतो.

आढळ

युरोप व उत्तर अमेरिकेतील स्प्रूस, पाइन इत्यादी वृक्षांच्या गळून कुजणाऱ्या पानांच्या थरात व शेवाळात ही जाती वाढते. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंत ऋतूपर्यंत ती विशेषकरून दिसते. लहान आकार व काळा रंग यांमुळे ती सहसा नजरेतून निसटते.

ओळख

केवळ रंग व आकार पाहून केलेली ओळख विश्वसनीय नसते. प्लेक्टानिया मेलास्टोमा या जातीच्या बाह्य पृष्ठावर तांबूस-नारिंगी कण असतात. स्यूडोप्लेक्टानिया स्फॅग्नोफिला ही सदेठ असून स्फॅग्नम शेवाळात वाढते. बल्गेरिया इन्क्विनन्स ही सरसासारखी लवचिक असून ओक, बीच यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांच्या सालीवर येते. निश्चितीसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. नायग्रेलाची बीजुके गोल व गुळगुळीत असून त्यांचा व्यास सुमारे १० ते १४ मायक्रोमीटर असतो. मेलास्टोमाची बीजुके लंबवर्तुळाकार असतात. नायग्रेलाच्या बाहेरील केसांची वळणेही पाहिली जातात.

महत्त्व

आहारात या कवकाला स्थान नाही. वैद्यकीय संशोधनात मात्र आहे. त्यापासून मिळालेल्या प्लेक्टासिन या पेप्टाइडची माहिती २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ४० ॲमिनो आम्लांचे हे पेप्टाइड कवकातून प्राप्त झालेले पहिले डिफेन्सिन होय. न्यूमोनियास कारणीभूत होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी या जीवाणूवर ते परिणामकारक ठरले. जीवाणूंच्या कोशिकाभित्तीच्या उभारणीस लागणाऱ्या लिपिड-२ या घटकाला बांधून ते ही उभारणी रोखते, असे २०१० मध्ये दाखवण्यात आले. असे गुणधर्म नेमक्या जातीशी निगडित असल्याने मिळत्याजुळत्या काळ्या कवकांतून ही जाती अचूक वेगळी करणे आवश्यक ठरते.