जुने संच आणि नवे चित्र

सोलापूरचा इतिहास म्हटला की आपल्याला १९३० सालचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात, आणि ते योग्यच आहे. आज ज्या तारखेविषयी मी बोलणार आहे ती त्या पंक्तीत बसणारी नाही. तिचा स्तंभ कोणी उभारणार नाही. तरीपण तिने आपल्या शहरातील घराघरांत हात घातला. ३१ मार्च २०१३ ही ती तारीख. केबल टेलिव्हिजनच्या कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये केबलवरून येणारे चित्र टप्प्याटप्प्याने अंकीय, म्हणजे डिजिटल, करावयाचे ठरले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. दुसऱ्या टप्प्यात अडतीस शहरे होती; त्यांत महाराष्ट्रातील नऊ, आणि त्या नवांत सोलापूर. पुणे, नागपूर, नाशिक यांच्या रांगेत बसण्याचा मान आपल्याला मिळाला खरा, पण मानाबरोबर मुदतही आली. भिंतीतून आलेली तार संचाच्या पाठीत खोचली की चित्र दिसे, ती सोय त्या मुदतीनंतर संपावयाची होती. मध्ये एक डबा लागणार होता, आणि डब्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा होता.

चित्र पाठविण्याची रीत बदलली म्हणजे घरातल्या जुन्या संचाचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी जन्मला नाही. तो दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे, आणि निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

अमेरिकेत १९५० साली रंगीत चित्राची एक पद्धत सरकारी आयोगाने मान्य केली. चित्र सुरेख होते; पण लोकांच्या घरातील कृष्णधवल संचांवर ते दिसेनाच. असे संच तोवर लाखोंनी विकले गेले होते. ती पद्धत टिकली नाही, आणि डिसेंबर १९५३ मध्ये दुसरी मान्य झाली. तिचे वैशिष्ट्य असे की उजेड-अंधाराचा संदेश निराळा आणि रंगाचा निराळा ठेवून दुसरा पहिल्याच्या पोटात बसविला होता. जुना संच पहिला वाचतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो, आणि त्याला कृष्णधवल चित्र पूर्वीसारखेच दिसते. ब्रिटनचे उत्तर निराळे. तेथे १९३६ पासून ४०५ ओळींचे चित्र होते. १९६४ साली बी.बी.सी.ची दुसरी वाहिनी ६२५ ओळींवर निघाली, ती जुन्या संचाला दिसणे शक्य नव्हते. पण म्हणून जुने प्रक्षेपण कोणी लगेच बंद केले नाही. ते जानेवारी १९८५ पर्यंत चालू राहिले. सुमारे वीस वर्षे दोन्ही चुली पेटत्या ठेवल्या!

आपल्या देशात दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सोलापूरकराला मुंबईचे चित्र दिसणे शक्य नव्हते. मात्र आपल्या सीमेपलीकडे एक नवल घडले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे खेड्यांना चित्र दाखविण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे त्यासाठी निवडली होती, आणि कर्नाटकातील जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा व रायचूर. म्हणजे इंडी-आळंदच्या बाजूची काही खेडी सोलापूर शहराच्या आधी दूरचित्रवाणी पाहत होती. एका गिरणगावाला हे जरा झोंबण्यासारखेच आहे.

१९८२ साली स्वातंत्र्यदिनी आणि पुढे नोव्हेंबरातील आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्याकडे रंग आला. ‘पाल’ ही जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी सिद्ध केलेली पद्धत आपण घेतली. तीही जुन्या संचाला सांभाळून घेणारी होती. हैदराबादच्या सरकारी कारखान्यातला ई.सी. संच ज्याच्या घरी होता, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही विकत घ्यावे लागले नाही. शेजारी रंगीत पाहत आहे याचे दुःख झाले असेल, तेवढेच. त्या रचनेत ओझे अभियंत्याने उचलले होते. २०१३ साली ते घरमालकाच्या खांद्यावर आले, आणि हा फरक यंत्राच्या स्वभावातून आला असे मला वाटत नाही. अंकीय चित्र जुन्या संचाला थेट कळत नाही हे खरे. पण अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण थांबले, तेव्हा तेथील सरकारने डब्यासाठी घरटी चाळीस-चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली होती. आपल्याकडे तसे झाले नाही. अंकीय पद्धतीने एकाच तारेतून कितीतरी जास्त वाहिन्या येऊ लागल्या, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहराला त्याचा लाभ झाला, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

डबा आला, प्रश्न सुटला असे वाटले, तो एच.डी. चित्राने पुन्हा उघडला. आधी तर पहिल्या पिढीतल्या पुष्कळ डब्यांना हे चित्र उलगडताच येईना, म्हणून दुसरा डबा आणावा लागला. तो पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारांनी जुन्या संचाला जोडला की चित्र दिसते. मात्र कसे दिसते हे समजण्यासाठी थोडे गणित केले पाहिजे.

आपल्या जुन्या संचात ६२५ ओळी, त्यांतल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ५७६. एच.डी. चित्रात १०८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १९२० ठिपके. ठिपक्यांचा हिशेब केला तर जुन्या चित्राचे ४,१४,७२० आणि नव्याचे २०,७३,६००, म्हणजे बरोबर पाचपट. सोलापूरकराला हे मागाच्या भाषेत लगेच समजेल. जॅकार्डच्या चादरीची नकशी चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावर १०८० आडव्या रांगा आहेत आणि मागावर ५७६ च बाणे बसणार आहेत, तर विणकर काय करील? मधल्या रांगा नुसत्या गाळल्या तर मोराची मान तुटते. म्हणून शेजारच्या रांगा एकमेकींत मिसळून नवी नकशी पाडावी लागते. डब्यातले यंत्र हेच करते. गंमत अशी की ते नीट केले तर जुन्या संचावरही एच.डी. वाहिनी साध्या वाहिनीपेक्षा पुष्कळदा उजवी दिसते, कारण मूळ नकशी काळजीने काढलेली असते. मात्र पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात. बारीक रेघांची इरकल नेसलेली निवेदिका आली की संच त्या रेघांनाच रंग समजतो, आणि लुगड्यावर इंद्रधनुष्य नाचू लागते. संचाच्या पाठीवर हिरवे, निळे, तांबडे असे तीन कोश असतील आणि डब्यालाही ते असतील, तर ती जोडणी करावी. हा दोष जातो.

याहून बिकट गोष्ट आकाराची. जुना पडदा चारास तीन, नवे चित्र सोळास नऊ. रुंद चित्र चौकोनी पडद्यात बसवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. चित्र पुरे दिसते, पण ५७६ पैकी ४३२ ओळीच कामी येतात. दुसऱ्यात दोन्ही बाजू छाटतात आणि चित्राचा चौथा हिस्सा जातो. तिसऱ्यात रुंदी दाबून सारे कोंबतात, मग माणसे उंच व रोड दिसतात. सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज मुळातच उंच, त्यांना या उपचाराची गरज नाही. काही थोड्या संचांत मात्र किरण वर-खाली आकसून सोळास नऊ करण्याची सोय असते. ती असल्यास तिसरा मार्गच उत्तम, कारण सर्व ओळी वापरल्या जातात.

आमच्या आत्याबाईंकडे औरंगाबादजवळच्या कारखान्यात तयार झालेला एकवीस इंची संच आहे. त्या रोज संध्याकाळी बातम्या पाहतात, खरे म्हणजे वाचतात. खालून धावणारी पट्टी ही त्यांची पुरवणी. एच.डी. डबा आल्यावर महिनाभराने त्या मला म्हणाल्या, “अरे, अक्षरं बारीक झाली की माझे डोळे गेले?” डॉक्टरांकडे नेले. चष्म्याचा नंबर होता तोच होता.

मग मी हिशेब मांडला. नव्या पडद्यासाठी वीस ओळी उंचीचे काढलेले अक्षर काळ्या पट्ट्यांच्या चित्रात आठ ओळींचे होते. इंग्रजी मोठे अक्षर आठ ओळींत कसेबसे उभे राहते. आपल्या लिपीला त्याच आठ ओळींत वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि खाली उकार मांडावयाचे असतात. अनुस्वाराला फारशी जागा उरत नाही. ‘बंद’ आणि ‘बद’ यांतला भेद जातो आणि गाव बंद आहे की नाही हे कळेनासे होते! त्यातून जुन्या संचावर एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी उमटतात, त्यामुळे एकाच ओळीत बसलेली शिरोरेघ सारखी लुकलुकते. पट्टी सजविणाऱ्याच्या टेबलावर मोठा नवा पडदा असतो. त्याला यातले काही दिसत नाही. जुन्या संचाचा मालक यादीतून गळतो तो असा, कोणी हाकलल्याविना. २०१९ च्या नव्या दरपद्धतीत एक एच.डी. वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर मोजली गेली. आत्याबाईंनी तो हिशेब पैशांत पुरा केला आणि अक्षरांत तोट्यात राहिल्या.

शेवटी त्यांच्या डब्याच्या यादीत जाऊन मी दुसरा मार्ग निवडून दिला. बाजू छाटल्या गेल्या, पण अक्षर तिसऱ्या हिश्शाने वाढले. आणि धावती पट्टी कधी ना कधी मधून जातेच, तेव्हा एकही शब्द हरवत नाही, एवढेच की तो क्षणभर उशिरा येतो. आत्याबाई समाधानी आहेत. त्यांच्या नातवाची तक्रार अशी की क्रिकेटच्या सामन्यात कोपऱ्यातला धावफलक अर्धा कापला जातो. म्हणून सामन्याच्या दिवशी तो काळ्या पट्ट्या आणतो, आणि सात वाजता बातम्या लागण्यापूर्वी आत्याबाई त्याला हाक मारून त्या काढावयास लावतात.