पोट लहान झाल्यावर

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करतात, हे आता गावातही कानावर येतं. मोबाईलवर जाहिराती येतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. दुसऱ्या फोटोनंतर त्या बाईनं काय खाल्लं, कशी जगली, कुणाशी बोलली, हे जाहिरातीत नसतं. आज मला त्या पुढच्या दिवसांचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो डॉक्टरांइतकाच साध्या घरगुती बायकांनी घडवलेला आहे.

लठ्ठपणा हा काही आजचा आजार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्यात अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चर्चा आहे. दोघांनाही त्रास, पण स्थूलाचा इलाज जास्त अवघड, असं तिथं म्हटलंय. आपल्या राज्यात आज दोन्ही टोकं शेजारी नांदतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या साधारण २१ बायका गरजेपेक्षा बारीक आढळल्या आणि साधारण २३ गरजेपेक्षा जाड. एकाच गल्लीत एकीला रक्त नाही म्हणून गोळ्या आणि दुसरीला शुगर म्हणून गोळ्या. कधी कधी तर दोन्ही एकाच बाईला.

ऑपरेशनची सुरुवात अमेरिकेत झाली. १९५४ साली मिनेसोटातल्या सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून पुढचा तुकडा जोडायची युक्ती सांगितली. खाल्लेलं अंगी लागायला जागाच उरत नाही, म्हणून वजन उतरायचं. पण जुलाब थांबेनात, लिव्हर खराब व्हायला लागली, आणि पुढं ते ऑपरेशन बंदच पडलं. १९६६ साली आयोवा विद्यापीठातले डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यातून जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडायचं बायपास ऑपरेशन निघालं. (हे हृदयाचं बायपास नव्हे. नाव एक, अवयव वेगळा.) १९९० नंतर ते दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून व्हायला लागलं. आज जास्त करून होतं ते 'स्लीव्ह'. त्यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात.

ऑपरेशनचा फायदा होतो, हे मी आधीच सांगते, नाहीतर मी घाबरवतेय असं वाटेल. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ऑपरेशन झालेल्यांत मधुमेह कमी झाला, मृत्यूही कमी झाले. पण १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नियम केले, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की या रुग्णावर जन्मभर वैद्यकीय देखरेख हवी. ऑपरेशन दोन-तीन तासांचं, देखरेख जन्माची. ही देखरेख रोजच्या रोज करणार कोण? डॉक्टर सहा महिन्यांनी भेटतात. जेवायचं रोज असतं.

याचं उत्तर डॉक्टरांच्या आधी एका गृहिणीनं शोधलं होतं. जीन नायडेच तिचं नाव, राहणार न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. ऑपरेशनशी तिचा काही संबंध नव्हता. १९६१ साली ती वजन कमी करायच्या सरकारी दवाखान्यात जायची. आहाराचा तक्ता बरोबर होता, पण आपण रात्री चोरून बिस्किटं खातो हे तिला तिथं सांगता येईना. मग तिनं सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगून टाकलं. त्याही आपापलं चोरून खाणं सांगायला लागल्या. दर आठवड्याला बैठक भरू लागली आणि १९६३ साली त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढं तिचा मोठा धंदा झाला, तो भाग मला तितकासा आवडत नाही. पण ती पहिली बैठक आपल्या गटाच्या बैठकीसारखीच होती, फक्त त्यात पासबुक नव्हतं.

तिच्याही आधी, १९५२ साली, टेरेस लासर या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. हात वर कसा करायचा, ब्लाऊज कसा घालायचा, नवऱ्याशी काय बोलायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मग ती स्वतःच दुसऱ्या रुग्ण बायकांना दवाखान्यात जाऊन भेटायला लागली. 'ही डॉक्टर नाही, काही नाही, हिला काय कळतं,' म्हणून डॉक्टर चिडायचे. पुढं १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनंच ते काम आपलं म्हणून घेतलं. ऑपरेशन झालेल्या बाईनं ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायचं, ही रीत तिथून जगभर गेली. वजनाच्या ऑपरेशनवाल्या दवाखान्यांनी रुग्णांचे गट सुरू केले ते बरेच नंतर. गटाच्या बैठकांना येणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. आता, ज्या बैठकीला येतात त्या मुळातच नेटानं करणाऱ्या असतील, असंही असू शकतं. तरी बैठकीनं कुणाचं नुकसान झाल्याचं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. २०११ च्या सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते उघडपणे सांगितलं. पेपरात आलं, लोकांना बॅरिएट्रिक हा शब्द कळला. मग २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अहमद मुंबईत आली. पंचवीसेक वर्षं घराबाहेर न पडलेली बाई. वजन सुमारे ५०० किलो सांगत होते. मालवाहू विमानातून आणली आणि पलंगासकट क्रेननं उचलून सैफी रुग्णालयात नेली. ७ मार्चला तिचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. टीव्हीवर रोज किलो मोजले जायचे, आज इतके उतरले, उद्या तितके. मग तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात तिच्या तब्येतीवरून जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेलं आणि २५ सप्टेंबर २०१७ ला ती गेली. तिचे आजार फार जुने आणि अनेक होते, त्यामुळं ऑपरेशनला दोष देता येणार नाही. मला खटकतं ते वेगळं. इतक्या बातम्यांत तिला स्वतःला काय वाटतं, हे जवळजवळ आलंच नाही.

पुढारी माणूस 'मी ऑपरेशन केलं' म्हणून सांगू शकतो. आपल्याकडच्या बाईला ते जमत नाही. सांगितलं तर 'तोंडावर ताबा नव्हता, लाखो रुपये घातले' म्हणतात. नाही सांगितलं तर त्याहून वाईट. आपल्या भागात बाई एकाएकी वाळली की लोक पहिल्यांदा कॅन्सर म्हणतात, मग टीबी, मग दबक्या आवाजात 'तो' आजार. आमच्या तालुक्यातल्या एका ताईनं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं हळदीकुंकवाला तिला कुणी लाडू घेऊ नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. लाडू खाल्ला आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं हार्ट अटॅक. याला डंपिंग म्हणतात. जास्त करून बायपासनंतर, गोड पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरला की असं होतं. थोड्या वेळानं बरंही वाटतं. हे माहीत असलेली एक जरी बाई शेजारी असती तर ताईला धीर आला असता.

बोलण्यानं काय होतं याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन नुसतं नाव लिहून आले नाहीत. अंगावरून पांढरं जाणं, मधेच रक्त जाणं, ही लक्षणं काय असू शकतात ते बायकांशी बोलत राहिले. काही वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात यायला लागल्या, आणि याची नोंद बाहेरच्या देशांतल्या वैद्यकीय मासिकात झाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथं दारू सुटलेला माणूसच नव्याला धीर देतो आणि त्यांच्या बायकांचा 'सहचरी' गट वेगळा बसतो. वजनाच्या ऑपरेशनसाठी गावपातळीवर असं काही असावं, असं मला वाटतं. आणि नवीन काढायची गरज नाही. १९७५ साली माविम आलं, १९९२ ला नाबार्डनं गटांना बँकेशी जोडलं, मग उमेद आलं. बैठकीची सवय आपल्याला आहेच. दशसूत्रीत आरोग्याचंही सूत्र आहे, ते आपण बहुतेक वेळा वाचून पुढं जातो.

खरी अडचण स्वयंपाकघरात येते. सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं, हा क्रम दवाखाना लिहून देतो. पण नेहमीचं म्हणजे काय? पुस्तकात लिहिलेलं असतं, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, बसून, चावून, वीस-तीस मिनिटं घेऊन खा. प्रथिनं आधी खा. पोट भरलं की घास खाली ठेवा. आपल्याकडं सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून कढई पुसून खाते. या ऑपरेशननंतर ही रीत चालतच नाही. एक घास जास्त झाला की छातीत अडकतो, उलटी होते. बाईनं आधी आणि वेळेवर जेवायला बसायचं, हे घरातल्या सगळ्यांना पटवावं लागतं. खरं सांगायचं तर काही घरांत ऑपरेशनचा खर्च पटवणं सोपं जातं, हे अवघड.

ज्वारीची भाकरी कोरडी गिळली तर अडकते. सुरुवातीला आमटीत, ताकात मऊ कुस्करून चमचाभर घ्यायची. शेंगाचटणी पहिले काही आठवडे नाहीच. मुगाचं वरण, दही, पनीर, मटकी शिजवून, अंडं खात असाल तर अंडं. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं सांगतात. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. माळकरी बायकांनी बी-१२ कडं जास्त लक्ष द्यायचं. एक तर मांस-अंडी नाहीत, त्यात जठर लहान. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा वाढला की रक्त तपासायचं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. 'आता बरी झाले' म्हणून बंद करायच्या नाहीत.

पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. तेही घोटघोट. आपल्या उन्हाळ्यात शेतावरून येऊन तांब्या तोंडाला लावायची सवय असते, ती सोडावी लागते आणि दिवसभर बाटली जवळ ठेवावी लागते. नाहीतर लघवी कमी होते, चक्कर येते. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, बहुतेकींचे परत येतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते, ती पूर्ण जात नाही. ब्लाऊज दर दोन महिन्यांनी आत घ्यावे लागतात, म्हणून लगेच नवे शिवू नका. मिश्री पूर्ण बंद. तंबाखूनं जोडलेल्या जागी अल्सर होतो. पुढचं बाळंतपण किमान वर्ष-दीड वर्ष लांबवायचं, आणि तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडतीलच असं नाही, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायचा. कुणाकुणाला वजन उतरूनही उदास वाटतं, रडू येतं. खाणं हाच ज्यांचा विसावा होता त्यांचा तो गेलेला असतो. हे गटात बोलता येतं, पण मरणाचे विचार यायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यायचं.

ऑपरेशन करावं की नाही, ते मी सांगणार नाही. पण हिशेब माहीत असावा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. पाच फूट उंच बाईचं वजन ८१ किलोच्या आसपास असेल तर तो ३५ होतो. २०२२ च्या जागतिक शिफारशींप्रमाणं ३५ च्या वर ऑपरेशनचा विचार होतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांत तो २७.५ पासूनही करता येतो. 'चार किलो वाढलेत' म्हणून कुणी टेबलावर घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. विमा असेल तर २०१९ च्या नियमांची अट वाचा. तिथं ४० चा आकडा आहे, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार.

ऑपरेशन झालेल्या बाईनं एक कागद पर्समध्ये ठेवावा. कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या दवाखान्यात. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलात तर आधी तो कागद दाखवायचा, कारण नेहमीच्या दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या अशा जठराला चालत नाहीत. त्याची एक झेरॉक्स आशाताईंकडं आणि एक गटाच्या अध्यक्षांकडं दिलेली बरी.