ताटली दिसेनाशी झाली तेव्हा...

तळ्याचे पाणी किती नितळ आहे, हे मोजण्याची एक अगदी साधी रीत आहे. होडीत बसून तळ्याच्या मध्यावर जायचे. ताटलीएवढी पांढरी चकती दोरीला बांधून हळूहळू पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली, की किती दोरी आत गेली ते पाहायचे. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जे खगोलशास्त्रज्ञही होते, 1865 साली ही युक्ती वापरली. आजही जगभरचे तलाव तिनेच मोजले जातात. आज मी जी हकिगत सांगणार आहे, ती अशाच एका ताटलीची आहे.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहर आहे. त्याच्या पश्चिमेला समुद्राची प्युजेट साउंड ही खाडी आणि पूर्वेला लेक वॉशिंग्टन हा सुमारे 35 किलोमीटर लांबीचा तलाव. काही ठिकाणी तो 65 मीटर खोल आहे. या तलावाच्या पूर्वेकडच्या बेलव्ह्यू, कर्कलंड या गावांची नावे आता मराठी घरांनाही परकी राहिलेली नाहीत. संगणक क्षेत्रातली आपली कितीतरी मुले-मुली तिथे संसार थाटून आहेत. सुट्टीत त्यांच्याकडे गेलेले आई-वडील या तलावाकाठी फिरायला जातात आणि पाणी पाहून हरखतात. हेच पाणी एके काळी नाकाला रुमाल लावायला लावत होते, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएटलचे मैलापाणी थेट या तलावात जाई. ही चूक शहराच्या लवकर लक्षात आली. मोठ्या वाहिन्या टाकून 1936 पर्यंत शहराने आपले मैलापाणी तलावातून काढून खाडीकडे वळवले. प्रश्न सुटला, असे वाटले. पण 1940 मध्ये तलावावर तरंगता पूल झाला. पलीकडच्या काठावर जाणे सोपे झाले आणि महायुद्धानंतर तिथे वस्ती झपाट्याने वाढली. या नव्या गावांनी आपापली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधली. 1941 नंतरच्या बारा-तेरा वर्षांत अशी दहा केंद्रे उभी राहिली. त्यांतून बाहेर पडणारे पाणी तलावात सोडले जाई. रोगजंतूंचा बंदोबस्त केलेला, घाण गाळून काढलेली. मग भीती कसली?

इथेच या गोष्टीची मेख आहे. शुद्धीकरणाने घाण गेली, खत मात्र गेले नाही. आपण शेताला सुपर फॉस्फेट घालतो, तेव्हा पिकाला फॉस्फरस मिळतो. तोच फॉस्फरस मैल्यात असतो, कपडे धुण्याच्या पावडरीतही असे, आणि त्या काळच्या शुद्धीकरणातून तो बराचसा तसाच बाहेर पडे. दहा केंद्रे मिळून तलावाला रात्रंदिवस पातळ खत पाजत होती. शेतात खत पडले की पीक तरारते. तळ्यात पडले की शेवाळ तरारते. ते मेले की कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मग माशांचा जीव गुदमरतो.

1955 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना तलावाच्या पाण्यात एक सूक्ष्म शेवाळ सापडले. नाव ऑसिलेटोरिया रुबेसेन्स. तिथले प्राध्यापक थॉमस एडमंडसन यांना हे नाव ओळखीचे होते. स्वित्झर्लंडमधला झुरिचचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिघडू लागला, तेव्हा तिथे हेच शेवाळ माजले होते. म्हणजे पाहुणा आला होता, आणि त्याच्या मागून काय येणार हेही ठाऊक होते. एडमंडसन यांच्या हाताशी आणखी एक ठेवा होता. याच तलावाची मोजमापे 1933 आणि 1950 मध्येही झाली होती. त्यामुळे ‘पूर्वी पाणी चांगले होते हो’ असे नुसते न म्हणता, किती चांगले होते आणि किती बिघडले, हे त्यांना आकड्यांनी दाखवता आले.

आकडे दाखवून तळे सुधारत नाही. त्यासाठी माणसे हलावी लागतात. जेम्स एलिस हे सिएटलमधले तरुण वकील. तलावाकाठच्या डझनभर गावांनी आपापली गटारे आपापल्या परीने सांभाळायची, हे फार दिवस चालणार नाही, असे ते सांगत होते. पाणी गावांच्या शिवा मानत नाही, म्हणून सगळ्यांची मिळून एक यंत्रणा हवी, हे त्यांचे म्हणणे. एडमंडसन यांनी एलिस यांना पत्र लिहून तलावाची अवस्था कळवली. मैलापाणी असेच येत राहिले तर काय होईल, थांबवले तर काय होईल, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. भाकीत जाहीर करणे ही शास्त्रज्ञासाठी जोखीमच असते. चुकले तर नाव जाते.

1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अशी संयुक्त संस्था स्थापन करण्याचा कायदा केला. तिचे नाव पडले ‘मेट्रो’. मात्र लोकांच्या मतदानात ती मंजूर व्हायला हवी होती. सिएटल शहरातही बहुमत हवे आणि शहराबाहेरच्या भागातही वेगळे बहुमत हवे, अशी अट होती. मार्च 1958 मध्ये मतदान झाले. शहराने होकार दिला, बाहेरच्या गावांनी नकार. मैलापाण्याबरोबर वाहतूक आणि नगररचनाही मेट्रोकडे जाणार होती. मोठे शहर आपल्याला गिळणार, कर वाढणार, आपल्या गावाचा कारभार दुसऱ्याच्या हाती जाणार, ही भीती लोकांना वाटली. आपल्याकडच्या हद्दवाढीच्या वादात हीच वाक्ये आपण ऐकलेली आहेत. ती भीती खुळचट होती, असे मी म्हणणार नाही.

हरलेल्या मंडळींनी लोकांना दोष दिला नाही. त्यांनी आपला प्रस्ताव पुन्हा वाचला. वाहतूक वगळली, नगररचना वगळली, हद्दही आखडती घेतली. उरले फक्त मैलापाणी. त्यातच 1958 चा उन्हाळा कडक गेला. तलावाला वास येऊ लागला आणि पोहण्याच्या जागा बंद कराव्या लागल्या. प्रदूषित पाण्याचा इशारा देणाऱ्या पाटीजवळ काठावर उभी असलेली पाच मुले, असे एक छायाचित्र प्रचारात घरोघर पोहोचले. महिला मतदारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या आणि इतर स्वयंसेवक दारोदार फिरले. दरमहा घरटी सुमारे दोन डॉलर द्यावे लागतील, हेही त्यांनी लपवले नाही. सप्टेंबर 1958 मध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले. या वेळी शहरानेही होकार दिला आणि बाहेरच्या गावांनीही.

मतदान जिंकले म्हणून पाणी लगेच सुधारले नाही. वाहिन्या टाकायला, नवी केंद्रे बांधायला वर्षे लागली. सुमारे 14 कोटी डॉलर खर्च आला आणि त्याचा बहुतेक भार तिथल्या रहिवाशांनीच उचलला. दरम्यान तलाव आणखी बिघडत गेला. 1963 च्या उन्हाळ्यात ताटली एक मीटर खोलही दिसत नव्हती. आपण पैसे भरतो आहोत आणि पाणी हिरवेच होते आहे, अशी ती पाच वर्षे. लोकांनी ती सोसली. 1963 पासून एकेक केंद्राचे पाणी तलावातून बाहेर वळवले जाऊ लागले आणि 1968 मध्ये हे काम संपले. फॉस्फरस उतरला, त्याच्या मागोमाग शेवाळ उतरले. शेवाळ फॉस्फरसमुळे वाढते की आणखी कशाने, यावर तेव्हा साबण-पावडरीच्या धंद्यातही मोठा वाद चालला होता. या तलावाने दिलेला पुरावा त्यात मोलाचा ठरला. एडमंडसन यांचे भाकीत खरे झाले.

1976 मध्ये एक अनपेक्षित पाहुणा आला. डॅफ्निया हा टाचणीच्या डोक्याएवढा, पाणी गाळून शेवाळ खाणारा जीव तलावात वाढला. त्याला खाणारी एक झिंग्यासारखी जात कमी झाल्याने त्याचे फावले. पाणी अपेक्षेहूनही नितळ झाले आणि ताटली सहा-सात मीटरपर्यंत दिसू लागली. हे श्रेय मात्र कोणत्याही समितीचे नव्हते.

गोष्ट इथे गोड करून संपवणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. तलावातून काढलेले पाणी शेवटी प्युजेट साउंडमध्येच गेले. तिथल्या मोठ्या केंद्रात 1995 पर्यंत फक्त प्राथमिक शुद्धीकरण होत असे. 2017 च्या फेब्रुवारीत तेच केंद्र पुराने बंद पडले आणि कच्चे मैलापाणी खाडीत गेले. तळे वाचवणे हे एकदाच करून मोकळे होण्याचे काम नव्हे.

आपल्याकडे रंकाळा, पवई, पाषाण या तलावांवर जलपर्णी माजते. मग मोहीम निघते, माणसे कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, ढीगच्या ढीग बाहेर काढतात. त्या श्रमांना माझा नमस्कार आहे. पण जलपर्णी हे लक्षण आहे. ती ज्या खतावर पोसते ते नाल्यातून येत राहिले, तर ती पुन्हा उगवणारच. ‘शुद्धीकरण केंद्र बसवले आहे’ हे उत्तर मिळाल्यावरही आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती, आणि ते पाणी जाते कुठे?

आणि एक काम तर कोणाच्याही परवानगीवाचून करता येते. गावच्या शाळेने एक पांढरी ताटली घ्यावी, दोरीला खुणा कराव्यात आणि होडीवाल्यासोबत जाऊन दर महिन्याला ती तळ्यात सोडावी. आकडा वहीत तारखेसह लिहावा. 1933 मध्ये लेक वॉशिंग्टन मोजणाऱ्यांना आपली मोजमापे पंचवीस वर्षांनी एका शहराच्या उपयोगी पडतील, याची कल्पना नव्हती. आपल्या वहीचेही तसेच होईल. फक्त ती आजपासून लिहायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)