पक्षीसुरक्षित बांधकाम (खोपोली, खालापूर व कर्जत परिसर)

पक्षी काचेवर आपटून मरू नयेत, रात्रीच्या दिव्यांनी भरकटू नयेत आणि खोदकामात त्यांची घरटी मोडू नयेत, यासाठी इमारतीची काच, प्रकाशयोजना आणि भूखंडाची आखणी यांत घेतलेली काळजी म्हणजे पक्षीसुरक्षित बांधकाम. खोपोलीला लागू असलेल्या विकास नियमावलीत यासाठी वेगळे कलम नाही. तरीही हेतू असेल तर वापरता येतील अशा तरतुदी तिच्यात आहेत.

परिसर. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, पाताळगंगेच्या काठी वसली आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाउस, बंगल्यांचे प्रकल्प आणि सुट्टीतली घरे झपाट्याने वाढली. या घरांची जाहिरात डोंगराच्या देखाव्यावर चालते, म्हणून दर्शनी बाजूला छतापासून जमिनीपर्यंत अखंड काच आणि गॅलरीला काचेचा कठडा असतो. अशा बंगल्यासमोर दुपारी उभे राहिले की काचेत घराचा आतला भाग दिसत नाही. दिसतो तो समोरचा ऐन, त्यामागचा कडा आणि आभाळ. पक्ष्यालाही तेच दिसते. त्यामुळे इथला खरा धोका उंच मनोऱ्यांपेक्षा जमिनीपासून झाडांच्या शेंड्यापर्यंतच्या काचेत आहे, आणि तो रानाला खेटून बांधलेल्या दुमजली घरात सर्वांत जास्त आहे.

धडक का होते. काच हा अडथळा आहे हे पक्ष्याला कळत नाही. तो एक तर प्रतिबिंबातल्या झाडाकडे झेपावतो किंवा समोरासमोरच्या दोन काचांतून पलीकडचे रान पाहून आरपार जायला निघतो. काचेचे कोपरे आणि काचेचे कठडे यासाठी विशेष वाईट. मार लागलेला पक्षी बऱ्याचदा उडून जातो आणि आतल्या रक्तस्रावाने दूर कुठेतरी मरतो. काचेखाली पडलेल्या पक्ष्याला मांजर, मुंगूस किंवा कावळा उचलून नेतो. ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ असे घरमालक मनापासून सांगतो, त्याचे कारण बहुधा हेच. काचेवर उरतो तो फार तर पिसांच्या भुकटीचा पुसट ठसा. कवड्याचा असेल तर पसरलेले पंखही त्यात ओळखू येतात. दयाळ किंवा शिंजीर स्वतःच्या प्रतिबिंबाला दिवसभर चोची मारतो, तो प्रकार निराळा. तो हद्दीचा झगडा असतो आणि त्यात जीव सहसा जात नाही.

धोक्यातील पक्षी. मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, नवरंग कोकणच्या रानांत विणीसाठी येतो. तो रात्री प्रवास करतो. याच दिवसांत मुंबईत इमारतींवर आपटलेले, थकलेले नवरंग दरवर्षी सापडतात. तिबोटी खंड्याही पावसाबरोबरच येतो. चोचीसकट जेमतेम १३ सेंमीचा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो आणि झाडीतून बाणासारखा, अगदी खालून उडतो. तिसरा पाचू कवडा, तोही रानातल्या वाटेने वेगात खालून जाणारा. काचेवर आपटणाऱ्या पक्ष्यांच्या सिंगापूरमधील नोंदींत याच कुळांतले पक्षी, म्हणजे नवरंगाचे भाऊबंद, छोटे खंड्या आणि पाचू कवडा, ठळकपणे आढळतात. घाटाखाली पावसाळ्यात ढग खाली उतरतात आणि धुक्यात प्रखर दिव्यांचा उजेड पसरतो. रात्री उडणाऱ्या पक्ष्याची दिशा अशाच वेळी चुकते.

उपाय. काचेवर एखाददुसरे ससाण्याचे चित्र चिकटवणे निरुपयोगी आहे, कारण पक्षी ते चुकवून शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतो. खुणा संपूर्ण काचेवर हव्यात, दोन खुणांमधले अंतर ५ सेंमीपेक्षा जास्त नको, आणि त्या काचेच्या बाहेरच्या अंगाला हव्यात. आतून लावलेल्या खुणा प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. ठिपके किमान ६ मिमी व्यासाचे असावेत. छापील किंवा खरवडलेली काच, बाहेरची लाकडी पट्ट्यांची जाळी, खोल छज्जा हे पर्यायही चालतात. पडवी, उतरते छप्पर आणि गजांच्या खिडक्या असलेल्या जुन्या कोकणी घरात हा प्रश्न नव्हता, हे वास्तुरचनाकारांनी ध्यानात घ्यावे. बागेतले दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर असावेत आणि मध्यरात्रीनंतर बंद व्हावेत.

परदेशांतील नियम. अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. २०१४ च्या एका अभ्यासानुसार त्या देशात वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. टोरांटोने २००७ मध्ये मार्गदर्शिका काढली, सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये मानके ठरवली. न्यूयॉर्कचा २०२० चा कायदा जमिनीपासून ७५ फुटांपर्यंतच्या काचेपैकी ९० टक्के काच पक्षीस्नेही असावी असे सांगतो. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्रावर ५ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास एका रात्रीत हजारच्या आसपास पक्षी मेले. पुढच्या वर्षी काचेवर ठिपक्यांचा पातळ पापुद्रा बसवल्यावर मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. त्याचा खर्च सुमारे १२ लाख डॉलर आला. काच बसवतानाच हा विचार केला असता तर त्याचा अंशच लागला असता.

स्थानिक नियम. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) खोपोली नगर परिषदेला लागू आहे. नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) मधली कर्जत-खालापूरची गावे आणि २००३ मध्ये घोषित झालेले माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र मात्र मंजुरीच्या वेळी तिच्यातून वगळले होते. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर नियम वेगळे असू शकतात. विकासकाने जमीन घेण्याआधी गट क्रमांकावरून याची खात्री करावी.

सर्वांत हाताशी असलेली वाट हरित इमारतींच्या सवलतीची आहे. ‘गृह’ (GRIHA), आयजीबीसी किंवा लीड मानांकनाच्या श्रेणीनुसार यूडीसीपीआर मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय) ३, ५ किंवा ७ टक्के वाढ देते. लीडमध्ये पक्षीधडक टाळण्यासाठी २०११ मध्ये प्रायोगिक गुण सुरू झाला. तेव्हा ज्या सवलतीसाठी विकासक एरवीही धडपडतो तिच्याच हिशेबात सुरक्षित काच बसते. सवलत घेणाऱ्या रानालगतच्या प्रकल्पांना ही काच सक्तीची करणे न्याय्यच ठरेल. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवून फेरबदल करता येतो. अंतिम मंजुरी शासनाची. २०,००० चौ. मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींतही काच व दिवे यांचा उल्लेख करता येईल. एकट्यादुकट्या बंगल्यांना ही मंजुरी लागत नाही, आणि या तालुक्यांत धोका त्यांचाच जास्त आहे.

सपाटीकरणाकडेही तितकेच लक्ष हवे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते. ओढ्याकाठची दरड जून ते सप्टेंबरमध्ये पोकलेनने कापली तर तिबोटी खंड्याची बिळे पिल्लांसह गाडली जातात.

बांधून झालेली घरे. काच न बदलताही काम भागते. खिडकीच्या बाहेरून डासांची जाळी लावावी, किंवा काचेपुढे दर १० सेंमीवर जाड दोऱ्या वरून खाली मोकळ्या सोडाव्यात (मोकळ्या दोऱ्यांना एवढे अंतर चालते). जाळी काचेपासून काही बोटे पुढे आणि ताणून बसवावी. कबुतरांसाठी लावतात ती मोठ्या घरांची नायलॉन जाळी ढिली राहिली तर लहान पक्षी तिच्यातच पायांनी अडकतात.