पहिलं पान टाकण्याआधी

कोल्हापुरात ज्यांनी मे महिन्याच्या सुट्ट्या काढल्यात त्यांना मेंढीकोट शिकवावा लागत नाही. उतारी झाली की पान आपटायचं, दश्शी पकडली की ओरडायचं. आणि आतून कुणीतरी म्हणणार, "उठा, पत्ते म्हणजे जुगार!" ब्रिजच्या टेबलावर मात्र उलटं चित्र दिसतं. पहिली उतारी होते, डमीची पानं उघडतात आणि खेळणारा पानाला हातच लावत नाही. नुसता बघत बसतो. आजचा भाग त्या थांबण्याच्या इतिहासावर.

सुरुवात जवळूनच करू. आजरा-आंबोली करत घाट उतरलं की सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे १० रंग, प्रत्येकात १२ गोल पानं, एकूण १२०. खेळणारे तिघं, प्रत्येकाला ४०. हुकूम नाही, भिडू नाही. कुठली पानं गेली, कुठली उरली हे लक्षात ठेवणं, हेच हत्यार. त्यात अर्ध्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा, म्हणजे राजा आणि प्रधानानंतर एक्का मोठा, दश्शी सगळ्यांत लहान! ही कला विझत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली.

इंग्रजांचा खेळ होता व्हिस्ट. दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पानं, चारही हात झाकलेले. १८९०च्या दशकात लंडनच्या क्लबांत ब्रिज रुजला आणि एक हात टेबलावर उघडा पडला. फरक बघा. आता खेळणाऱ्याला ५२ पैकी २६ पानं, आपली नि भिडूची, पहिल्याच हाताला दिसतात. पुढचा बदल १९२५ मधला. पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं गुणांची नवी पद्धत लावून पाहिली, त्यातून कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आलं. जेवढे हात बोललात तेवढेच गेमसाठी धरणार. म्हणजे पहिलं पान पडण्याआधीच तुम्ही एका आकड्याला बांधलेले.

एक डाव मांडतो. तुम्ही तीन नो ट्रंप बोललात, ९ हात हवेत. डावीकडून इस्पिकचा राजा येतो. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि दोन बारकी, डमीत दोन बारकी. मोजा. इस्पिकचा १, बदामचे २, चौकटचे २, असे ५ पक्के. डमीत किलवरचे एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आहेत, राजा बाहेर. राजा गेला तरी तिथून ४ मिळतात. झाले ९.

मग एक्का लगेच मारायचा? मारलात, तर किलवरचा राजा उजवीकडे निघाल्यावर तो इस्पिक परत खेळेल. डावीकडच्याकडे इस्पिक पाच असतील तर उरलेले चारही त्याचे. तुमचे ५ हात गेले, डाव एकानं बुडाला.

म्हणून दोन हात सोडायचे आणि एक्का तिसऱ्याला घ्यायचा. बाहेर इस्पिक आठ. पाच-तीन विभागले असतील तर उजवीकडचे आता संपले. चार-चार असतील तर त्याच्याकडे एक उरेल, पण त्यातून आणखी एकच हात जाईल. मग आपल्या हातातून किलवर खेळायचं आणि डमीतून राणी लावायची. राजा उजवीकडे असला तरी ९ होतात, डावीकडे असला तर प्रश्नच नाही. नशीब तेच, पानं तीच. फरक फक्त एक्का कधी मारला याचा.

आता त्या "जुगार"बद्दल. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबचा रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ते म्हणाले, रमी तीन पत्तीसारखी नाही, त्यात पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, मुख्य भाग कौशल्याचा. आणि तुलना कशाशी केली? रमीतलं नशीब ब्रिजची पानं वाटताना असतं तेवढंच! पुढे २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी याच खेळात भारताला सुवर्ण मिळवून दिलं.

तर मंडळी, पुढच्या वेळी मेंढीकोटाला बसलात की पान आपटण्याआधी जरा मोजून बघा. आतून कुणी ओरडलं, तर सांगा, विचार चाललाय. भेटू पुढच्या भागात.