आवक राहिली, जावक गेली
(ई-मेलच्या स्थलांतराचा थोडा इतिहास)

जुन्या कचेरीत दोन वह्या असत : आवक आणि जावक. आलेले पत्र पहिलीत नोंदायचे, धाडलेले दुसरीत. दोन्ही वह्या समोर असल्या तरच कारभार कळतो. नुसती आवक पाहिली तर उत्तरे दिसतात, प्रश्न दिसत नाहीत. ही गोष्ट मला जुन्या दप्तरांनी नव्हे, ई-मेलने शिकवली.

रनाळे आणि आसपासच्या गावांतील जुन्या कागदांविषयी एका वयोवृद्ध अभ्यासकांशी माझा काही वर्षे ई-मेलने पत्रव्यवहार होता. मध्यंतरी मी एक मोफत सेवा सोडून दुसरीकडे खाते उघडले आणि जुने टपाल नव्या खात्यात ओढून घेतले. सगळे आले असे समजून जुने खाते बंद होऊ दिले. ते गृहस्थ वारल्यावर पत्रव्यवहार जुळवायला बसलो, तेव्हा त्यांची सर्व पत्रे होती, माझे एकही नव्हते. ते दर वेळी कोरे पत्र लिहीत, माझा मजकूर खाली ठेवत नसत. ‘तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर होय असेच आहे,’ असे एका पत्रात आहे. दुसरी शंका कोणती होती, ते आज मलाही सांगता येत नाही.

असे का झाले, याचा शोध घेताना ४० वर्षे मागे जावे लागले. एका सेवेतील टपाल दुसरीकडे न्यायचे, तर दोन सर्व्हरना समजेल अशी बोली लागते. त्यातली पहिली म्हणजे ‘पॉप’. तिचा पहिला मसुदा १९८४चा, आणि आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती, पॉप-३, १९८८मध्ये आली. तेव्हा सर्व्हरवरची जागा महाग होती. म्हणून पत्र तिथून उतरवून आपल्या संगणकावर घ्यायचे, एवढाच तिचा हेतू. पॉपला एकच पेटी ठाऊक असते, ती म्हणजे आवकेची. धाडलेल्या पत्रांचा कप्पा, आपण विषयवार केलेले कप्पे, यांचा तिला पत्ताच नसतो. मी जोडणी करताना पॉप निवडले होते. यंत्राने सांगितले तेवढे चोख केले. जावक आणायला मी त्याला सांगितलेच नव्हते.

दुसरी बोली ‘आयमॅप’. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली. हिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात, आणि सर्व कप्पे, वाचलेले-न वाचलेले अशा खुणा व पत्र पोहोचल्याची तारीख, हे सारे दुसऱ्या सर्व्हरला वाचता येते. दप्तर हलवायचे तर हीच बोली हवी.

पण दप्तर हलले तरी पत्ता हलतो का? आपल्याकडचा अनुभव पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मुंबईतील त्या काळच्या कित्येक पत्त्यांत ‘जीआयएएसबीएम-०१’ अशी अक्षरे दिसतात. ते निगमाच्या यंत्राचे नाव. म्हणजे माणसाचा पत्ता यंत्राला बांधलेला. यंत्रणा बदलली की पत्ता बदलायचा. २००२मध्ये निगम टाटा समूहाकडे गेला, २००८मध्ये त्याचे नावही बदलले. जुन्या अंकांच्या आणि पुस्तकांच्या मागे छापलेले ते पत्ते आज ओसाड गावांच्या नावांसारखे उरले आहेत.

याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची टपालपेटी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेल्याचे २०२५च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. तरी त्यांचे पत्ते ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हेच राहिले. त्याच महिन्याच्या ८ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी स्वतः झोहो मेलवर गेल्याचे सांगितले, तेव्हा मात्र त्यांना नवा पत्ता जाहीर करावा लागला. फरक मालकीचा आहे. डोमेन आपले असेल तर त्याच्या नोंदीतली ‘एमएक्स’ नावाची ओळ बदलली की पत्ता तोच राहून टपाल नव्या घरी येऊ लागते. डोमेन दुसऱ्याचे असेल तर आपण भाडेकरू. घर सोडले की पाटी तिथेच राहते.

आता तारखेविषयी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचा श्वास आमच्या खानदेशात, धुळ्याला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी घेतला. त्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेल्या कागदांत, एकूणच जुन्या मराठी पत्रांत, पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, पण साल नसते. ते साल ठरवण्यात संपादकांची आयुष्ये गेली. ई-मेलवर तारीख, वार, मिनिट, सेकंद सारे असते. परंतु स्थलांतर करणाऱ्या साधनाने पोहोचल्याची मूळ तारीख जपली नाही, तर १५ वर्षांची पत्रे यादीत एकाच दिवशी आल्यासारखी दिसतात. पत्राच्या शीर्षभागात खरी तारीख शाबूत असते, पण ती तिथे शोधावी लागते, हे किती जणांना ठाऊक?

म्हणून ज्यांना टपाल हलवायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. जोडणी आयमॅपने करावी. त्यासाठी जुन्या सर्व्हरचे नाव, पोर्ट ९९३, सुरक्षित जोडणीची निवड, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द एवढे लागते. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी २०२२पासून बाहेरच्या साधनांना नेहमीचा परवलीचा शब्द बंद केला. तिथे वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो किंवा गूगलच्याच पानावर जाऊन परवानगी द्यावी लागते. दोन्हीकडे जावकेच्या कप्प्याचे नाव वेगळे असू शकते. कोणता कप्पा कोणत्या कप्प्यात उतरणार, ते आधी पाहावे. आधी एकच लहान कप्पा नेऊन तारखा तपासाव्यात. डोमेन आपले असेल तर एमएक्स बदलल्यावरही एक-दोन दिवस काही टपाल जुन्या घरी जाते, ते शेवटच्या फेरीत आणावे. आणि दोन्हीकडची पत्रे कप्प्याकप्प्याने मोजल्याशिवाय जुने खाते बंद करू नये.

राजवाड्यांना कागद सापडले, कारण कोणाच्या तरी माळ्यावर, फडताळात ते विसरले गेले होते. कागद विसरला तरी टिकतो. ई-मेल विसरले की खाते बंद होते आणि सारे पुसले जाते. उद्या या काळाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याला आपण हलवले तेवढेच मिळेल. माझ्याकडे त्या अभ्यासकांची उत्तरे आहेत. मी ती छापून, शिवून ठेवली आहेत आणि प्रत्येक उत्तरासमोर एक कोरे पान सोडले आहे. प्रश्न आठवला, की तिथे लिहितो. आजवर तीन पाने भरली आहेत.