चार्ल्स डेव्हिड कीलिंग

चार्ल्स डेव्हिड कीलिंग (२० एप्रिल १९२८ – २० जून २००५) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व हवामान-संशोधक होते. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक वाढत असल्याचे त्यांनी दीर्घकालीन, अचूक मापनाने प्रथम सिद्ध केले. त्यांच्या नोंदींचा आलेख ‘कीलिंग वक्र’ म्हणून ओळखला जातो.

जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन येथे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले. तत्पूर्वीच्या संशोधकांची मापने परस्परांशी जुळत नसत. त्यामुळे हवेतील या वायूचे प्रमाण जागोजाग बदलते, असा समज होता. कीलिंग यांनी अचूक दाबमापक स्वतः तयार केला आणि बिग सरच्या अरण्यात रात्री-अपरात्री उठून काचेच्या चंबूंत हवेचे नमुने भरले. रात्री प्रमाण वाढे. दुपारच्या नीट मिसळलेल्या हवेत मात्र ते ठिकठिकाणी जवळपास सारखेच, दहा लाख भागांत सुमारे ३१० भाग, आढळले. पुढील सर्व कार्याचा पाया येथेच घातला गेला.

१९५६ मध्ये ते स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने हवाई येथील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, मार्च १९५८ मध्ये नोंदी सुरू झाल्या. पहिला आकडा ३१३ होता. मे महिन्यापर्यंत तो चढे आणि ऑक्टोबरपर्यंत उतरे, कारण उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातील वनस्पती हा वायू शोषून घेतात. जणू पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच कागदावर उमटत होता. मात्र उतारानंतर आकडा पूर्वपदावर येत नसे. १९६० च्या शोधनिबंधात कीलिंग यांनी दक्षिण ध्रुवावरील नोंदींच्या आधारे ही वाढ मांडली.

निधीकपातीमुळे १९६४ मध्ये मौना लोआवरील मापन काही आठवडे बंद पडले. ती पोकळी आलेखात आजही दिसते. पुढेही निधी देणाऱ्या शासकीय संस्थांना हे काम संशोधन नव्हे, नित्याची नोंद वाटे. वस्तुतः खंड न पडणे हेच या संशोधनाचे मर्म होते. कीलिंग यांनी ही झुंज अखेरपर्यंत सोडली नाही. ते उत्तम पियानोवादकही होते.

त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक लाभले. त्यांच्या निधनसमयी आकडा ३८० च्या आसपास होता. २०१३ मध्ये दैनिक सरासरीने प्रथमच ४०० चा टप्पा गाठला. स्क्रिप्सच्या नोंदींचे काम त्यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी पुढे चालवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआच्या लाव्हाने वेधशाळेचा रस्ता व वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआवर तात्पुरते मापन सुरू करण्यात आले.